बहिऱ्या नवरीचा पत्ता

माझ्या बायकोचं फूल डोन्या चायोच्या खानावळीच्या संडासात उगवतं, हे मला मंगळवारी सकाळी कळलं. बातमी देणारी बाई डॉक्टरेट केलेली होती, सभ्य होती, आणि तिने बोलण्याआधी मला खुर्ची दिली होती. त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं. एर्मोसियोच्या विद्यापीठात वाळवलेल्या झाडाझुडपांचा संग्रह आहे. तिथले लोक त्याला हर्बेरियम म्हणतात, माझी बायको दुवी नुसतं ‘कपाट’ म्हणायची. त्या कपाटाची नवी प्रमुख, डॉक्टर नोएमी तानोरी, हिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमचा सिएरा एल बाउल होता, पण आकाशातून पाहिलेला. बाउल म्हणजे पेटी, आणि खालून तो डोंगर खरोखर जुन्या पेटीसारखा दिसतो, वर झाकण, पुढे कडी. आकाशातून तो कुणीतरी चुरगळून टाकलेल्या पिशवीसारखा दिसत होता. देवाला आपण सगळेच असे दिसत असलो तर त्याच्या वागण्याचा थोडाफार उलगडा होतो. पिशवीच्या कडेने हमरस्ता गेला होता, रस्त्याला लागून एक पत्र्याचं छप्पर होतं, छपराच्या मागे एक लहानसा चौकोन होता, आणि त्या चौकोनावर लाल ठिपका होता.

“ही एदुविहेस एन्सिनास यांची नोंद, डॉन इलारियो,” ती म्हणाली. “तुमच्या पत्नीची. बहिरी नवरी.”

“आणि हे चौकोनी काय?”

तिने घसा साफ केला. “मी स्वतः जाऊन पाहून आले. ती... सोय आहे.”

मी त्या सोयीकडे बराच वेळ पाहत राहिलो. मला ती सोय चांगली माहीत होती. तिला कडी नव्हती, आत बसलेल्या माणसाला गाणं म्हणावं लागायचं. डॉक्टर तानोरीने चाकासारखं काहीतरी फिरवलं, छप्पर जवळ आलं, आणि मग दिसलं की ठिपका एकटा नाही. डोन्या चायोचं सगळं अंगण लाल ठिपक्यांनी भरलं होतं, पोराला गोवर यावा तसं. कोंबड्यांच्या खुराड्यावर ठिपके, गंजलेल्या ट्रकवर ठिपके, चुलीवर तर जागाच नव्हती. तिने मला विचारलं की हा काय प्रकार आहे, आणि मला हसू यायला लागलं, कारण हा प्रकार म्हणजे कैलासवासी प्रोफेसर नोरिएगा होते. शनिवारची मंडळी त्यांनी जमवलेली. शाळामास्तर, एक दंतवैद्य, पोस्टातली एक बाई, माझी दुवी, आणि मंडळींच्या अंगावरून ओवाळून टाकलेले आम्ही नवरे-बायका. सकाळी डोंगरात जायचं, झाडाच्या फांद्या, फुलं पिशवीत भरायची, दुपारी डोन्या चायोकडे उतरायचं, जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत ती फुलं निजवायची, दोन फळ्यांत घालून पट्ट्याने आवळायची, आणि मग प्रत्येकासोबत चिठ्ठी लिहायची: काय, कुणी, केव्हा, कुठे. प्रोफेसरांचा नियम एकच होता. चिठ्ठी जेवल्यावर. “उपाशी माणूस अक्षर नीट काढत नाही,” ते म्हणायचे. खरं होतं. पण पोट भरलेल्या माणसाला या जगात एकच जागा दिसते, तो बसलेला असतो ती. म्हणून सगळ्यांनी, वर्षानुवर्षं, सुंदर अक्षरात लिहिलं: ‘सिएरा एल बाउल, डोन्या चायोच्या खानावळीपाशी.’ कागदोपत्री आता त्या अंगणात आख्ख्या अभयारण्यात नसतील इतक्या जातींच्या वनस्पती नांदत होत्या. परदेशातून तज्ज्ञ आले होते. त्यांनी खुराड्यामागे रांगून शोध घेतला, एकाला कोंबडीने टोचलं, काही सापडलं नाही, मग ते जेवले. जेवण इतकं चांगलं होतं की कुणी तक्रार केली नाही.

डॉक्टर तानोरी हसली नाही. म्हणजे ओठ हलले, पण तिने ते परत जागेवर ठेवले. “बाकीच्यांची मला काळजी नाही,” ती म्हणाली. “पालो वेर्दे, ओकोतियो, ही डोंगरभर आहेत, इतरांनीही आणली आहेत. पण बहिरी नवरी या डोंगरात दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाही. हा एकच कागद. आणि डोंगरातल्या फुलांची यादी ईस्टरच्या सुट्टीआधी छापायला जाते आहे.”

“मग?”

“जागा खरी वाटत नसेल तर नोंद काढून टाकावी लागते. संशयास्पद म्हणून.”

“आणि कागद?”

तिने दाराआडच्या एका ठेंगण्या कपाटाकडे पाहिलं. त्यावर कॉफीचं भांडं आणि कुणाची तरी छत्री होती. एर्मोसियोत पाऊस जवळजवळ नसतोच, म्हणजे जिथे निरुपयोगी छत्री टाकून देतात, त्या कपाटात दुवीचा कागद जाणार होता. मी म्हटलं, मला एकदा बघू द्या. तिने तो दोन्ही हातांवर तोलून आणला, बाळ आणावं तसा. फूल आता चहाच्या डागाइतकंच उरलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं, मान खाली घातलेलं. डोंगरातले लोक त्याला बहिरी नवरी म्हणतात, कारण घंटेसारखं असूनही हाक मारली तर मान वर करत नाही. लॅटिन नाव बरंच लांब आहे. ते पुरं व्हायच्या आत फूल कोमेजावं. खाली दुवीचं गोल गोल अक्षर, मुलांच्या वह्या तपासून तपासून गोल झालेलं. ‘गोळा करणारी: एदुविहेस एन्सिनास.’ थडग्यावर तिच्या नावाला माझं आडनाव चिकटवलेलं आहे, मीच चिकटवलं, दगड कोरणाऱ्याने विचारलं तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. या कागदावर ती एकटी होती. आणि तिला छत्रीखाली ठेवणार होते.

“जागा ना?” मी म्हणालो. “जागा मी सांगतो. मी तिच्याबरोबर होतो.” आणि हे मी माझ्या कामाच्या आवाजात म्हणालो, त्यामुळे डॉक्टर तानोरीला ते पटलं.

माझ्या कामाचा आवाज म्हणजे बसस्थानकाचा आवाज. सबंध नोकरी मी एर्मोसियोच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवली. गुआइमास, ओब्रेगोन, नावोहोआ, लोस मोचिस, फलाट अमुक, प्रवाशांनी कृपया. माझ्या तोंडून नाव बाहेर पडलं की माणसं गाठोडी उचलून धावत सुटायची. पोपलाही एवढी हुकमत नसेल. त्यातली बहुतेक गावं मी पाहिलेली नाहीत. दुवी म्हणायची, “तू माणूस नाहीस विएहो, तू पाटी आहेस. सगळ्या जगाला रस्ता दाखवतोस आणि स्वतः जागचा हलत नाहीस.” विएहो म्हणजे म्हातारा, ती मला आमच्या लग्नाच्या जेवणापासून म्हातारा म्हणत होती, मी सावकाश तिच्या शब्दाला जागलो एवढंच. विद्यापीठातून घरी चालत येताना ऊन डोक्यावर थापट्या मारत होतं, मार्च संपायच्या आतच, रस्त्यातल्या पालो वेर्दे पिवळ्या फुलांनी इतक्या लगडलेल्या की फुटपाथवर हळद सांडल्यासारखी, आणि मी त्या हळदीतून चालत आठवायचा प्रयत्न करत होतो की मी तिच्याबरोबर होतो म्हणजे नेमका कुठे होतो. एकाच डोंगरात होतो, हे नक्की. तिला ते फूल मिळालं त्या वर्षी हिवाळ्यात एकिपाता चांगली झाली होती, ती आमच्याकडची बारीक, गुपचूप, दिवसदिवस पडणारी पावसाची भुरभुर. ती झाली की वाळवंट वसंतात उधळतं, नाही झाली तर बी जमिनीत पडून राहतं, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या शनिवारी मंडळी लवकर खाली उतरली. प्रोफेसरांनी डोमिनोजचा डाव मांडला. प्रोफेसर सोंगट्या लपवायचे, शास्त्रज्ञ असून, किंवा असल्यामुळेच. माचाका होती, वाळवलेल्या मांसाची, अंडं घातलेली. बीन्स होत्या, चिल्तेपिनची ती मिरीएवढी लालबुंद मिरची मी दाताखाली चिरडली आणि माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजली, ती शिट्टी मला आजही ऐकू येते. कॉफीला भाजक्या साखरेचा वास होता. टेबलाचा एक पाय तोकडा होता आणि त्याखाली बाटलीचं झाकण होतं, हिरवं. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवत होतं की कुणी विचारलं असतं तर मी बीन्सची शपथेवर साक्ष दिली असती. फुलाचं मात्र काहीच आठवेना. दुवी कॉफी अर्धी टाकून उठली, तिने माझी हॅट घेतली, स्वतःची नव्हे, आणि म्हणाली, “जरा वर जाऊन येते.” आणि नंतर ती परत आली. मधला भाग माझ्याकडे नव्हता. मधल्या भागात मी डबल सहा टाकला होता.

माणूस इतकी वर्षं एका घरात राहतो आणि त्याला वाटतं की समोरच्याचं सगळं आपल्याकडे जमा आहे, धुवायच्या कपड्यांसारखं, आज ना उद्या बघू. मला आठवतं, त्या संध्याकाळी ट्रकमध्ये मी विचारलं होतं, “कुठे मिळालं गं?” आणि ती म्हणाली होती, “वर.” दुवीचं सगळं वर असायचं. मीठ कुठे आहे? वर. चष्मा? वर. तुझी आई गेली ती आता कुठे असेल? वर, दुसरीकडे कुठे जाणार ती. शाळेत मुलांना तास-तास समजावून घरी येणाऱ्या बाईला घरी एका शब्दात भागवायचा हक्क असतो, असं मी समजत होतो, आणि खरं म्हणजे मला ते सोयीचंही होतं. आता चौकातल्या कोयोता बिस्किटांच्या दुकानापाशी, त्यांच्यात भरलेल्या गुळाचा गरम वास नाकात जात असताना, मला पहिल्यांदा ही शंका आली की ती कदाचित वर गेलीच नसेल. फूल तिने दुसरीकडेच खुडलं असेल, सकाळच्या थांब्यावर, दुसऱ्याच कुठल्या टेकाडावर, आणि इथे येऊन सगळ्यांसारखं लिहून टाकलं असेल, खानावळीपाशी. मग ठेंगणं कपाटच बरोबर होतं. ही शंका छोटी होती, पण चपलेत खडा जावा तशी घरापर्यंत आली. मी पायरीवर बसून चप्पल झटकली. शंका निघाली नाही.

बुधवारी मी असा विचार केला की माझी स्मृती जर पोटातून चालत असेल तर तिला पोटातूनच बोलवावी. त्या दिवसाचं जेवण जसंच्या तसं बनवायचं, त्याच क्रमाने खायचं, आणि डबल सहा टाकायची वेळ आली की मान वळवून दुवीकडे बघायचं, ती कुठल्या बाजूला जाते ते. योजना मूर्खपणाची होती, पण निवृत्त माणसाच्या योजनांमध्ये ती मधल्या प्रतीची होती. माचाका बाजारातून आणली. बीन्स शिजवल्या. तोर्तियासाठी पीठ घेतलं, चरबी घातली, पाणी घातलं आणि मळायला लागलो. आमच्या सोनोराची गव्हाची तोर्तिया म्हणजे पोळीच, पण हाताच्या पंजावरून ताणत ताणत कोपरापर्यंत न्यायची, कोपरावरून दंडापर्यंत, काखेपर्यंत, इतकी पातळ की पलीकडचं दिसलं पाहिजे; दुवी ती करताना शाल पांघरल्यासारखी दिसायची. माझ्या हातात तिला तीन ठिकाणी भोकं पडली आणि एक तुकडा दिव्याला चिकटला. खिडकीतून शेजारीण डोकावली. हिला माझ्या घरातला कुठलाही आवाज चुकत नाही.

“डॉन इलारियो, पीठ मळताय का मारताय?”

“आठवतोय,” मी म्हणालो.

“आठवताना एवढी घाण करतात? आरशात बघा जरा. नाकाला पीठ, कानाला पीठ, काखेत तर पोतंच सांडलंय. बुटांवर बघा! फक्त गुडघे तेवढे वाचलेत.”

मी खाली पाहिलं. खरंच, माझी विजार मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत स्वच्छ होती. टेबल मध्ये होतं ना. पीठ कमरेपर्यंत उडत होतं, मग टेबलाच्या कडेवरून थेट बुटांवर पडत होतं. गुडघे टेबलाआड, सावलीत, सज्जन माणसांसारखे उभे. आणि तेव्हा ते आलं. बोलावलेल्या वाटेने नाही आलं, मागच्या दाराने आलं. दुवी खानावळीच्या उन्हातून आत येते आहे. माझी हॅट तिच्या हातात उलटी, आत काहीतरी जपून धरलेलं. केसांना घाम. निळा घागरा, गुडघ्याच्या जरा वर येणारा, तेव्हाची फॅशन, तिच्या मुख्याध्यापिकेला न पटणारी. आणि दोन्ही गुडघे पांढरेफटक. डोन्या चायो चुलीपाशी होती, काखेपर्यंत तोर्तिया ताणलेली, तिने तिथूनच ओरडून विचारलं, “काय गं दुवी, कुणाच्या घरच्या तोर्तिया करून आलीस?” सगळे हसले. प्रोफेसर तर इतके हसले की त्यांच्या बाहीतून एक सोंगटी पडली. दुवीसुद्धा हसली, तिने गुडघे झटकले, पांढरी धूळ उन्हात तरंगत राहिली, आणि ती माझ्या शेजारी बसून माझ्याच ताटातलं खायला लागली. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ते पीठच होतं. मला वाटायचं ती डोन्या चायोला मदत करायला गेली होती. आणि मला ती आठवण आवडायची, मी ती कधीकधी काढून बघायचो, बायकोचे पिठाळलेले गुडघे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. पण गुडघ्यांनी कुणी कणीक तिंबत नाही. अख्ख्या सोनोरात नाही.

मी पिठाच्या हातानेच डॉक्टर तानोरीला फोन केला. “डॉक्टर, गुडघ्याला पीठ लागत नाही.”

पलीकडून अगदी हळू आवाजात: “डॉन इलारियो, तुम्ही आज जेवलात का?”

“सिएरा एल बाउलची माती कुठल्या रंगाची आहे?”

“तांबडी. सगळीकडे तांबडी. का?”

मी सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, मला तिचा श्वास ऐकू आला, आणि मग ती पुटपुटली, “चिरोडी.” चिरोडी म्हणजे ज्या दगडाचं प्लास्टर करतात तो, नखाने खरवडला तर पीठ होणारा. दुसऱ्या डोंगरांत बहिरी नवरी चिरोडीवरच सापडते, दुसऱ्या कशावर तिचा जीव लागत नाही. “पण या डोंगरात चिरोडी आहे असं कुठल्याच नकाशात नाही,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “अर्थात, नकाशांचं काय हे आपण मंगळवारी पाहिलंच.” तेव्हा मला ती पोरगी आवडायला लागली.

शनिवारी ती विद्यापीठाचा ट्रक घेऊन दाराशी आली. शनिवारच असायला हवा होता. खानावळीत आता डोन्या चायोची मुलगी तेन्चा चुलीपाशी उभी असते. आईसारखीच रुंद, आईसारखाच आवाज, बघितलं की वाटतं डोन्या चायो वारली नाही, फक्त केस रंगवले. टेबल तेच होतं. मी वाकून बघितलं, झाकण आता लाल होतं.

“तेन्चा,” मी विचारलं, “तुझ्या आईला तोर्तिया करायला माझी बायको कधी मदत करायची का?”

तेन्चाने कमरेवर हात ठेवले. “माझ्या आईच्या पिठाला? बाहेरच्या बाईचा हात? डॉन इलारियो, मी तिच्या पोटची, मला माझं लग्न होईपर्यंत तिने पिठाला शिवू दिलं नाही. तुमच्या बायकोने हात लावला असता तर आज ती तुमच्या थडग्यावर फुलं वाहत असती— नाही, म्हणजे उलटं. काहीतरी. तुम्ही समजलात.”

“समजलो.”

“इथे जवळपास पांढरी माती कुठे आहे का?” डॉक्टर तानोरीने विचारलं.

“पांढरं पोट? ते काय.” तेन्चाने झाऱ्याने खिडकीबाहेर दाखवलं. “झाकणाच्या खाली ती ओहोळाची खाच दिसते ना, तिच्या आत वळलं की. बकऱ्या चाटायला जातात. एवढे शहाणे लोक इथे येऊन माझा संडास बघून गेले, तुम्हीच पहिल्या बाहेर बघताय. परत येणार ना जेवायला? मग मी आत्ता पीठ भिजवते.”

चढण फार नव्हती, पण माझं वय तिच्यावर रचलेलं होतं. ओहोळ कोरडा, दगड तांबडे, ओकोतियोच्या काठ्यांच्या टोकांना लाल ज्वाळा, आणि डॉक्टर तानोरी पुढे जाऊन दर वळणावर थांबायची, उगीच एखाद्या झुडपाकडे बघत, म्हणजे मला वाटावं की ती माझ्यासाठी थांबलेली नाही. दुवीपण अशीच थांबायची. चालता चालता माझ्या मनात ती चपलेतली शंका पुन्हा टोचायला लागली: वर काही नसेल तर? खानावळीत येईपर्यंत एक गोष्ट माझी होती, पांढऱ्या गुडघ्यांची, पिठाची का होईना पण गरम. आता पीठ तर गेलं. आणि वर नुसत्या चाटलेल्या दगडांशिवाय काही निघालं नाही, तर दुवी त्या दुपारी कुठे गेली होती, हे मला या जन्मी कळणार नव्हतं. मी जवळजवळ म्हणणारच होतो की परत फिरू, तोर्तिया थंड होतील. आणि खाच वळली, आणि समोर पांढरं पोट होतं. डोंगराने तांबडा सदरा जरा वर केल्यासारखं. एवढंसंच होतं, एखाद्या देवळाच्या अंगणाएवढं, उन्हात बघवत नव्हतं.

डॉक्टर तानोरी इकडून तिकडे फिरली, पाय जपून टाकत, डोळे जमिनीवर. परत फिरली. राखाडी-हिरवी केसाळ पानं होती, बोटाएवढी, इकडे तिकडे. अशी पानं शंभर झुडपांची असतात. फूल कुठेच नव्हतं. ती शेवटच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवरूनच मला कळलं. मग ती वळली आणि मंगळवारी खुर्ची दिली होती तशा आवाजात म्हणाली, “डॉन इलारियो, यंदा कदाचित...”

मी म्हटलं, “जरा थांब, पोरी.” कारण मला ते गुडघे पुन्हा दिसत होते. फूल खुडायला कुणी गुडघे टेकत नाही. दुवी तर नाहीच. ती बाजारात टोमॅटो कमरेतून वाकून निवडायची, पाठीला पीळ न पडता, मला तिचा हेवा वाटायचा. मी काठी बाजूला ठेवली, एका दगडाला धरलं, आणि सांध्यांमधून निघतील ते सगळे आवाज काढत खाली गेलो. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही पंजे, आणि हॅट गेली उडून. पांढरी माती मऊ होती, गार होती, खरंच पिठासारखी. मी मान तिरकी केली, गाल जवळजवळ जमिनीला लावला.

त्या होत्या. प्रत्येक राखाडी पानाखाली एक. माना खाली घातलेल्या, दुधी रंगाच्या, आतून पिवळ्या, ओळीच्या ओळी, सगळ्या पांढऱ्या पोटावर, अगदी डॉक्टर तानोरीच्या बुटांपाशीसुद्धा. उभ्या माणसाला त्यांची फक्त पाठ दिसते, राखाडी, केसाळ, पानासारखीच. तोंड बघायचं तर त्यांच्याहून खाली जावं लागतं. दुवीने इथे येऊन काय केलं ते मला दिसत होतं. ती दमली असेल, किंवा नुसतीच तिला वाटलं असेल, बसावं जरा, कुणी बघत नाही. माझी हॅट बाजूला ठेवली असेल. आणि मग मान तिरकी. ती इथे किती वेळ होती कुणास ठाऊक. मी खाली डाव खेळत होतो आणि ती वर होती. तिने मला बरोबर सांगितलं होतं. पत्ता अपुरा होता, पण खोटा नव्हता.

“डॉन इलारियो? बरं वाटतंय ना?”

“गुडघे टेक,” मी म्हणालो.

ती टेकली, मान तिरकी केली. मग ती डॉक्टरेट केलेली बाई, विद्यापीठाचा बिल्ला गळ्यात असलेली, शाळकरी पोरीसारखी म्हणाली, “अय्या.”

मला उभं करायला तिला बराच खटाटोप करावा लागला. एकदा आम्ही दोघं मिळून पुन्हा खाली बसलो. एका बकरीने ते सगळं पाहिलं.

खाली उतरलो तेव्हा तेन्चाचं टेबल मांडून तयार होतं. डॉक्टर तानोरीने ताटं सरकवली, वर्तमानपत्र पसरलं, एक बहिरी नवरी त्यात निजवली, एकच, आणि पेन काढलं.

“लिहिणं मग,” तेन्चा म्हणाली. “आधी गरम आहे तोवर खा.”

“आधी लिहिते,” डॉक्टर तानोरी म्हणाली. एवढ्या लहानशा वाक्याने त्या खानावळीतला एक आख्खा जमाना संपला, आणि बीन्सवर साय धरली. ती लिहीत होती: ओहोळाची खाच, झाकणाखाली, पांढरी चिरोडी, आणि मग यंत्रात बघून आकडे. मग मान वर न करता म्हणाली, “यादीत पहिली नोंद एदुविहेस एन्सिनास यांचीच राहील. ही दुसरी. ही नुसती तिची साक्ष.”

मी काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण तेवढ्यात तेन्चा चुलीकडून वळली. तिच्या हातावर तोर्तिया होती, पंजापासून काखेपर्यंत, पलीकडचा जाळ दिसेल इतकी पातळ. तिची नजर माझ्या विजारीवर गेली, तिथेच थांबली, आणि तिच्या आईचा आवाज त्या पत्र्याखाली पुन्हा एकदा घुमला:

“काय हो डॉन इलारियो, कुणाच्या घरच्या तोर्तिया करून आलात?”

डॉक्टर तानोरीने तोंड उघडलं. ती चिरोडीबद्दल सांगणार होती, दगडाबद्दल, बकऱ्यांबद्दल. मी टेबलाखालून तिच्या बुटावर पाय ठेवला.

“दुवीच्या,” मी म्हणालो, आणि गुडघे न झटकता ताट पुढे ओढलं.